लिंबाजीमामा हयात आहेत

आमच्या घरी कोंबड्या भोंग्यात अंडी घालायच्या. पाहुण्यांना हे सांगितलं की ते हसायचे, पण लग्नसराई संपली की लाउडस्पीकरचे भोंगे शेडमध्ये आडवे पडून राहत, आणि आडव्या भोंग्याइतकी गोल, अंधारी, मांजराला न सापडणारी जागा अख्ख्या वडवणीत कुठल्या कोंबडीला मिळणार होती? तुळशीचं लग्न लागलं की अण्णा, म्हणजे माझे वडील, एकेका भोंग्यात हात घालून आधी अंडी काढत आणि मग तो पुसायला घेत. एका वर्षी एक कोंबडी खुडूक बसलेली होती. मायने तो भोंगा द्यायला साफ नकार दिला. "पिल्लं निघूस्तोर हात लावायचा न्हाई," म्हणाली. त्यामुळे तलवाड्याच्या एका लग्नात डाव्या बाजूला बसलेल्या वऱ्हाडाला मंगलाष्टकं ऐकूच आली नाहीत. त्यांनी अक्षता उजव्या बाजूचं बघून टाकल्या. ते जोडपं अजून सुखात आहे, नातवंडं खेळवतंय.

घर म्हणजे बसस्टँडच्या मागे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याचं शेड. शेडमध्ये अण्णांचा संसार होता: अँप्लिफायर, बॅटऱ्या, वायरची भेंडोळी आणि माईक. माईक एकच चांगला. तो अण्णा टॉवेलात गुंडाळून ठेवत आणि त्याला हात लावण्याआधी स्वतःचे हात धूत. अण्णा फार कमी बोलायचे. "हॅलो" म्हणायचे, कान देऊन ऐकायचे, आणि बरोबर वाटलं तर म्हणायचे, "येतंय." दिवसभरात त्यांच्या तोंडून निघणाऱ्या शब्दांपैकी निम्मे हेच असत. बाकी आम्ही सगळे ओरडणारे, कारण घरात सतत काहीतरी तपासायला वाजत ठेवलेलं असे. माय चुलीपुढून "इष्ण्या, भाकर खायला ये" अशी हाक मारायची ती थेट बसस्टँडवर जायची, आणि बीडच्या गाडीचा कंडक्टर तिकडून विचारायचा, "कशासंगं हाय आज?" माय त्यालाही सांगायची. येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, काही असेल ते. कधी कधी तो जेवायलाही यायचा, आणि गाडी तोवर उभी असायची.

इष्ण्या म्हणजे मी, विष्णू. माझं काम बोलायचं. मिसरूड फुटायच्या आत माझ्या हातात माईक आला आणि मी लग्नं पुकारायला लागलो. हे काम सोपं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा करून बघावं. आमच्याकडे लग्नात मानाचे फेटे बांधतात, आणि कुणाचं नाव कुणाच्या आधी घ्यायचं यावर पुढच्या दोन पिढ्यांचं बोलणं-चालणं अवलंबून असतं. आज्याच्या आधी चुलत्याला बोलावलं की संपलं. थोरल्या जावयाच्या आधी धाकट्याला फेटा बांधला की थोरला जेवायला बसत नाही, आणि तो बसला नाही म्हणून पंगत बसत नाही. कोण कुणाचा कोण, कोण रुसलेला, कोण हयात, कोण गेलेला, हे सगळं मला तोंडपाठ होतं. माणसं लांबून यायची, "इष्णू पुकारणार असंल तरच तारीख धरतो," म्हणायची. मी विशीतला होतो, काळा सदरा घालायचो, आणि स्वतःला फार मोठा माणूस समजायचो. हे शेवटचं अजून गेलेलं नाही, असं घरच्यांचं म्हणणं आहे.

माईक हातात यायच्या आधी मात्र माझी छाती अशी धडधडायची की आमचा जुना अँप्लिफायरही तेवढा गुरगुरत नसे. हे पप्याला माहीत होतं. पप्या माझा शाळेतला दोस्त, बाजाराच्या तोंडाला त्याची रसवंती होती. उसाच्या रसाबरोबर तो आणखीही काही विकायचा. "हे बटन घे, एकदम थंड वाटंल," म्हणाला. आमच्याकडे त्या गोळ्यांना बटनच म्हणतात. झोपेच्या गोळ्या, डॉक्टरांनी लिहून दिल्या तर मिळणाऱ्या, आणि न लिहिताही मिळणाऱ्या. खरंच थंड वाटलं. मग माईकच्या आधी एक, मग दोन, मग माईक नसतानाही, मग सकाळी उठल्या उठल्या. वर्षभरात अशी गत झाली की गोळी घेतल्याशिवाय मला चहाची कपबशी उचलता येईना, आणि गोळी घेतली की आज कुठला वार आहे ते आठवेना. मायला वाटायचं पोराला नजर लागली. अण्णा काही म्हणायचे नाहीत. आता वाटतं, त्यांच्या कानाला खरखर सगळ्यांच्या आधी कळली असणार.

आणि मग ते लग्न आलं. दुपारचं, मळ्यावरचं, मांडव भरून वाहणारं. नवरीचे मामा म्हणजे लिंबाजीमामा. उंच, काटकुळा, मिशा पांढऱ्या, बोलणं करवतीसारखं, साऱ्या शिवारात वचक असलेला माणूस. आदल्या दिवशी मी एका तेराव्याच्या कीर्तनाला माईकवर होतो आणि तिथे एका सज्जन गृहस्थाला फार सुंदर श्रद्धांजली वाहिली होती. त्या दुपारी माझ्या पोटात किती बटनं होती हे मी सांगू शकत नाही, मलाच ते तेव्हा सांगता आलं नसतं. रीत अशी की मुहूर्ताची वेळ झाली की मामा आत जातात आणि नवरीला हाताला धरून मांडवात आणतात. लिंबाजीमामा आत गेले. मी माईक तोंडाशी धरून उभा होतो. माझी नजर त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर गेली. आणि त्या धुंदीत माझ्या डोक्यात कालचा कार्यक्रम पुन्हा सुरू झाला.

"लिंबाजीमामा," मी म्हणालो, आणि आवाज असा भरून आला की मलाच गहिवरलं, "आज आपल्यात नाहीत."

सगळा मांडव माझ्याकडे वळला. आता तुम्ही म्हणाल, लोकांनी विश्वास कसा ठेवला? पण बघा, माणूस आत्ता तर उठून आत गेला होता. उन्हाचे दिवस, वय झालेलं, आत काही झालं असेल, आणि मला आतून निरोप आला असेल. शिवाय इष्णू चुकत नाही अशी माझी ख्याती होती. मी बोलत राहिलो. त्यांचा करारी स्वभाव, त्यांनी खांद्यावर वागवलेलं घर, भावकीला दिलेली सावली, वरून कडक आणि आतून मऊ असलेलं त्यांचं मन. आयुष्यात मी इतकं चांगलं पुन्हा कधी बोललो नाही. बायका रडायला लागल्या. बँडवाल्याने क्लॅरिनेट खाली ठेवलं. मामांच्या पत्नी ओक्साबोक्शी रडत असताना मी सगळ्यांना दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळायची विनंती केली.

त्याच शांततेत लिंबाजीमामा नवरीचा हात धरून मांडवात आले. सगळे उभे, सगळ्यांच्या माना खाली. त्यांनीही मान खाली घातली, फेटा सारखा केला, आणि शेजारच्या माणसाला हळूच विचारलं, "कोन गेलं रं?" त्या माणसाने वर पाहिलं आणि तो गव्हाच्या पोत्यासारखा आडवा झाला.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. पोरांनी मला धरलं. अण्णांनी आधी माईक वाचवला आणि मग मला. पण खरी गंमत अजून यायची होती. आमचे भोंगे चांगले होते, वारं पूर्वेचं होतं, आणि माझी श्रद्धांजली ओढ्यापलीकडच्या वस्तीवर स्पष्ट ऐकू गेली होती. आमच्याकडे ज्या घरात माणूस जातं त्या घरी चूल पेटत नाही, सोयरे-भाऊबंद आपापल्या घरून भाकरी-पिठलं करून नेतात. म्हणून तासाभरात लग्नाच्या मांडवात दुखवट्याच्या भाकरी यायला लागल्या. एका दारात जिलबीची परात आणि दुसऱ्या दारातून डोक्यावर भाकरीची दुरडी घेतलेली, पदर डोळ्याला लावलेली बाई. सगळ्यात पुढे होता मामांचा सख्खा धाकटा भाऊ, रंगनाथ. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांचं कित्येक वर्षं बोलणं बंद होतं, लग्नाला त्याला बोलावणंही नव्हतं. तो अनवाणी पळत आला, दुरडी डोक्यावर, "दादा रं, दादा" करत, आणि पंगतीत बसलेल्या मामांच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. मामांच्या हातात बुंदीचा घास होता. तो त्यांनी ताटात परत ठेवला. मग मामा म्हणाले, "आनल्यास तर वाढ की." आणि रंगनाथने वाढल्या.

मला मात्र हे दृश्य दिसलं नाही. तोवर हवालदार आले होते आणि माझ्या खिशातून गोळ्यांची पाकिटं निघाली होती.

केस झाली. बीडच्या कोर्टात मी उभा राहिलो तेव्हा गोळीवाचून माझे हातपाय थरथरत होते. तशातही पट्टेवाल्याचा पुकारा ऐकून मला वाटलं, किती वाईट पुकारतो हा, शेवटचं अक्षर गिळतो. जजबाई चष्म्यातून माझ्याकडे बघत होत्या. वकिलांनी सांगितलं की हा मुलगा विकणारा नाही, खाणारा आहे, आणि कायद्यात अशा माणसाला शिक्षेऐवजी उपचाराला पाठवायची सोय आहे. बाईंनी मला विचारलं, "तुझी तयारी आहे का? जबरदस्ती नाही. पण नीट ऐक. केंद्रात राहायचं, डॉक्टर सोडतील तेव्हाच बाहेर यायचं, नंतरही तपासणीला जात राहायचं, तारखेला इथं यायचं. वर्षभरात एकदा जरी घसरलास तरी इथूनच आत. आणि तुझ्यासाठी हमी द्यायला कोण आहे?"

कुणीच नव्हतं. अण्णांच्या नावावर जमीन नव्हती, आणि भावकीतले सगळे त्या दिवशी नेमके कामात होते. एवढ्यात मागच्या बाकावरून काठी आपटल्याचा आवाज आला. लिंबाजीमामा उभे होते, बगलेत सातबाऱ्याचा कागद.

"मी ऱ्हातो जामीन," ते म्हणाले.

"तुम्ही कोण?" बाईंनी विचारलं.

"मीच त्यो, बाईसाहेब. वारलेला."

बाईंनी कागद वर उचलून तोंडापुढे धरला. कागदामागे त्या हसत होत्या हे मी आजही शपथेवर सांगेन.

बाहेर आल्यावर वकिलांनी मामांना विचारलं, की ज्याने तुमची भर मांडवात अशी शोभा केली त्याला जामीन का राहिलात? मामा म्हणाले, "इतकी वर्सं संसार केला, बायकूनं माझ्याबद्दल एक बरा शब्द काढला न्हाई. या पोरानं पन्नास काढले. खोटे आसतील, पर काढले. आन् माझा भाऊ घरला आला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू मला मारलंस, आता तूच जित्ता करायचं. तिथून सुटला की दर बाजाराला माझ्यासंगं यायचं. आन् मी हयात हाय म्हनून पुकारायचं. माझ्या मरनाची बातमी गावोगाव गेली, पर मी हाय ही कुठंच गेली न्हाई. परवा एक सोयरा मला बघून पळून गेला, लेका."

केंद्र बीडजवळ पालीच्या बाजूला होतं, बिंदुसरेच्या धरणाकडून वारं यायचं. जुन्या गोडाऊनला पांढरा रंग दिलेला, आत लोखंडी खाटा. पहिले दिवस कसे गेले ते मी रंगवून सांगणार नाही. बाकी सगळं मी रंगवून सांगतो, हे नाही. एवढंच सांगतो की सगळे आवाज मोठे झाले. नळातून पडणारा थेंब नगाऱ्यासारखा वाजायचा. कुणी चादर झटकली तर मी दचकून उठून बसायचो. झोप नाही, अंगाला कापरं, एकदा झटकाही आला, आणि डॉक्टर गोळ्यांचं माप हळूहळू उतरवत होते तसा मी एकेक पायरी शिव्या देत उतरत होतो. अण्णा दर भेटीला यायचे, खाटेशेजारी बसायचे, काही न बोलता जायचे. मायने पाठवलेल्या धपाट्यांचा डबा मात्र बोलायचा. एके सकाळी नाश्त्याला सुशीला होती. मुरमुरे, शेंगदाणे, हिरवी मिरची. मला एकदम मिरचीची चव लागली. कितीतरी महिन्यांनी काहीतरी तिखट लागलं होतं. मी दुसऱ्यांदा मागून घेतली आणि वाढणाऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कुस्ती मारली.

तिथल्या समुपदेशक सरोजताई. लहानखुऱ्या, सुती साडी, केसांत पेन खोचलेलं. रोज सकाळी सगळ्यांनी गोल बसायचं आणि आपलं सांगायचं, हा त्यांचा नेम. माझ्या अंगात जरा जीव आल्यावर मी त्या सभेचा ताबाच घेतला. एकेकाला असा पुकारायचो: "यानंतर आपल्या भेटीला येत आहेत माजलगाव मार्गे आलेले, सिरपच्या बाटलीचे जुने सोयरे..." सगळे हसायचे. ताईसुद्धा हसायच्या. एक दिवस हसून झाल्यावर म्हणाल्या, "विष्णू, तू सगळ्यांची ओळख करून देतोस. आता स्वतःची दे."

मी उभा राहिलो. घसा खाकरला. आणि तोंडातून शब्द निघेना. मी, ज्याने जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली, त्याला स्वतःबद्दल एक वाक्य बोलता येईना. ताईंनी घाई केली नाही. शेवटी मी म्हणालो, "मला आत्ता गोळी पाहिजे." बस, एवढंच. आणि बोललो तसं मला जाणवलं की मुठी सैल झाल्या आहेत.

"असंच," ताई म्हणाल्या. "तल्लफ आली की तिचा पुकारा करायचा. मोठ्यानं, चार माणसांत. तुझा आवाज आहे ना एवढा, मग वापर की."

सुटून आलो तेव्हा अण्णांनी माईक ट्रंकेत ठेवून कुलूप लावलेलं होतं, मायच्या लग्नातल्या शालूखाली. किल्ली त्यांच्या जानव्याला असती तर बरं, पण आमच्यात जानवं नाही, म्हणून ती त्यांनी करगोट्याला बांधली होती. मी काही मागितलं नाही. बाजाराच्या दिवशी मामा दारात आले, हातात पत्र्याचा एक छोटा भोंगा, ज्यात नुसतं तोंडाने ओरडायचं असतं तसला. भोंग्याला त्यांनी हिरवा रंग दिला होता. आम्ही भाजीच्या ओळीतून निघालो, मामा पुढे, मी मागे.

"ऐका हो ऐका. मळ्यावरचे श्री. लिंबाजीमामा हयात आहेत. खडखडीत आहेत. आज त्यांनी वांगी आणलेली आहेत."

पहिल्यांदा शरमेने माझे कान तापले. लोक हसून हसून वाकले. मेथी विकणारी एक म्हातारी म्हणाली, "मामा, मेल्यावर तब्येत सुधारली बगा तुमची." दुसऱ्या बाजाराला लोक आधीच वाट बघत होते. तिसऱ्या बाजारापासून मी मजकुरात सुधारणा केली: मामांनी नवीन धोतर घेतलं आहे, मामांची दाढ दुखते आहे पण जीव शाबूत आहे, मामा आणि रंगनाथ यांनी एकाच विहिरीवर एकाच दिवशी पाणी धरलं आहे. बाजार झाला की तपासणीसाठी बीडची गाडी, आणि गाडीत तोच कंडक्टर, "मामा हायती ना?" विचारणारा. लोकांना वाटायचं मामा मला शिक्षा करतायत. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं. मी बाजारभर चालताना मामांचा एक डोळा सतत माझ्या हातांवर असायचा, हे मला नंतर कळलं. हात थरथरतायत का, खिशाकडे जातायत का.

आणि एका बाजाराला ते थरथरत होते. त्या आठवड्यात झोप पुन्हा उडाली होती, का ते सांगता येणार नाही, कधी कधी ती नुसतीच उडते. डोकं जड, छातीत जुनी धडधड. मिरच्यांच्या ढिगाजवळ मामा एका गिऱ्हाइकाशी भाव करत पाठमोरे होते. एवढ्यात पप्या पुढे आला. तोंडभर हसला, "कावून रं, दोस्ताला इसरला का?" म्हणत त्याने माझा हात हातात घेतला. त्याने हात सोडला तेव्हा माझ्या मुठीत पाकीट होतं. मला न बघता कळलं. त्या चांदीच्या कागदाची कड माझ्या तळहाताला पाठ होती.

"फुकट हाय," पप्या हळूच म्हणाला. "झोप येईल निवांत."

कुणी बघितलं नव्हतं. मामा पाठमोरे. खिसा चार बोटांवर. कोर्ट बीडला, ताई पालीला, अण्णा घरी. आयुष्यात मी मोठमोठ्या मांडवांपुढे उभा राहिलोय, पण त्या मिरच्यांच्या ढिगापुढे उभा होतो तेवढा एकटा कधीच नव्हतो. माझा हात खिशाकडे निघाला होता. निघाला होता हे मी नाकारत नाही. दुसऱ्या हातात हिरवा भोंगा होता. मी तो तोंडाला लावला.

"सर्व मंडळींनी इकडे लक्ष द्यावे," मी म्हणालो.

बाजार वळला. मामांची बातमी नेहमीपेक्षा उशिरा आली असं लोकांना वाटलं असणार.

"रसवंतीवाले श्री. पप्पूशेठ यांजकडून विष्णू यास झोपेच्या गोळ्यांचं एक पाकीट आहेर म्हणून आलेलं आहे." मी मूठ उघडून हात उंच धरला. ऊन पडलं तसा कागद चमकला. "विष्णूला ते आत्ता, या क्षणी, फार हवं आहे. जीव कासावीस झालेला आहे. परंतु यजमानांनी पत्रिकेत स्पष्ट छापलेलं आहे, कृपया आहेर आणू नये. तरी पप्पूशेठ यांनी पुढे येऊन आपला आहेर परत न्यावा. पप्पूशेठ, असाल तिथून मंचाकडे यावे."

पप्पूशेठ आले नाहीत. ते मागे सरकले, मिरच्यांच्या ढिगात पाय घातला, शिंकायला लागले, आणि शिंकत शिंकतच पळाले. एक चप्पल ढिगातच राहिली. मेथीवाली म्हातारी उठून उभी राहिली. "ह्यो मेला रस इकतो की इख?" म्हणाली, आणि मग जो तो बोलायला लागला, कुणाचा भाचा, कुणाचा पोरगा, कुणाचा मेहुणा त्या रसवंतीवर दिवस दिवस बसतो ते. मी तसाच उभा होतो, हात वर, छातीतली धडधड मात्र थांबलेली. मामा माझ्याजवळ आले. त्यांनी पाकिटाकडे पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"आज माझी बातमी दिली न्हाईस," म्हणाले.

"विसरलो, मामा."

"बरं झालं. चल."

आम्ही पोलीस चौकीकडे निघालो. मी हात तसाच उंच धरलेला, सगळ्यांना दिसेल असा, आणि निम्मा बाजार आमच्या मागे. वाटेत बँडवाला भेटला, त्याला काय झालंय ते माहीत नव्हतं, पण एवढी माणसं बघून तो सवयीने वाजवायला लागला. अशी माझी वरात निघाली. पुढे लग्न झालं तेव्हाची वरात हिच्यापुढे काहीच नव्हती, हे बायकोसमोर म्हणायची सोय नाही. चौकीत मला पकडणारे तेच हवालदार बसले होते. मला बघून त्यांनी चहा खाली ठेवला.

"परत तूच का बे?"

"या टायमाला द्यायला आलोय, साहेब," मी म्हणालो.

रसवंती त्याच आठवड्यात बंद झाली. पप्या पुढे कुठे गेला ते मला ठाऊक नाही. त्यालाही कुणीतरी सरोजताई भेटाव्यात असं मला हल्ली वाटतं, तेव्हा वाटत नव्हतं.

वर्ष भरलं. शेवटची तारीख आली. कोर्टात त्या दिवशी वडवणीची इतकी माणसं होती की पट्टेवाल्याला वाटलं मोठा खटला आहे. माय, अण्णा, रंगनाथ, मेथीवाली म्हातारी, झालंच तर कंडक्टर. त्या दिवशी बीडची गाडी कुणी आणली हे मी विचारलं नाही. केंद्राचा अहवाल चांगला होता. बाईंनी तो वाचला, पान उलटलं, आणि पट्टेवाल्याला खूण केली. त्याने दारात जाऊन आपल्या त्या गिळक्या आवाजात पुकारा केला, "जामीनदार लिंबाजी हाजीर है का?"

आता यात माझा दोष नाही. वर्षभर दर बाजाराला हे नाव कानावर पडलं की माझ्या तोंडातून जे निघायचं ते निघालं. तेही पूर्ण आवाजात, कोर्टाच्या उंच छताखाली, जिथे प्रतिध्वनी फार सुरेख येतो.

"श्री. लिंबाजीमामा हयात आहेत. खडखडीत आहेत. आणि आज कोर्टात जातीने हजर आहेत."

 मग मागच्या बाकावर कुणीतरी फसकन हसलं आणि सगळं कोर्ट हसलं. वकील हसले, टायपिस्ट हसला. बाईंनी या वेळी कागद वर उचलला नाही. मनापासून हसल्या, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाल्या, "आवाज स्वच्छ आहे तुझा. हात दाखव." मी दोन्ही हात पुढे केले. स्थिर होते. बाईंनी सही केली.

बाहेर लिंबाखाली अण्णा पिशवी घेऊन उभे होते. त्यांनी पिशवीतून टॉवेल काढला, टॉवेलातून माईक. त्याला वायर नव्हती, बॅटरी नव्हती, काहीच जोडलेलं नव्हतं. तो त्यांनी माझ्या हातात दिला.

"टेस्ट कर," म्हणाले.

मी माईक तोंडाशी धरला. "हॅलो," म्हणालो. अण्णांनी मान तिरकी करून कान दिला, नेहमीसारखा, बराच वेळ. मग मान हलवली.

"येतंय."

त्यानंतर मी किती लग्नं पुकारली, त्याचा हिशेब नाही. आता डीजे आले, माझे केस गेले, पण फेट्यांचा क्रम अजून मलाच विचारतात. गोळी पुन्हा घेतली नाही. तल्लफ मात्र पुढे बरीच वर्षं अधूनमधून यायची, आणि मी जिथे असेन तिथे तिचा पुकारा करायचो. घरातली माणसं त्याला इतकी सरावली की माय भाकरी थापता थापता म्हणायची, "आली का? बस मग हितं, कांदा चिर."

लिंबाजीमामा भरपूर जगले. पणतू बघितला, नवीन दात बसवले, ते आवडले नाहीत म्हणून काढून ठेवले. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी चहा पिऊन झाल्यावर ते शांतपणे गेले. रंगनाथकाकांनी मला बोलावून घेतलं, म्हणाले, "दादानं सांगून ठिवलंय, बातमी इष्णूच सांगंल." मी गाडीवर भोंगा बांधला आणि स्वच्छ, सावकाश आवाजात वडवणीभर फिरलो. आणि कुणीही विश्वास ठेवला नाही. लोक दारात येऊन हसत होते. "इष्णूभाऊ, लई झालं आता," म्हणत होते. एकाने तर मामांसाठी तंबाखूची पुडी दिली. दुपार झाली तरी मळ्यावर कुणाच्याच घरून भाकरी आल्या नाहीत. म्हणून मी घरी गेलो, बायकोला पीठ मळायला सांगितलं, स्वतः पिठलं ढवळलं, आणि दुरडी डोक्यावर घेऊन बाजाराच्या रस्त्याने, सगळ्यांना दिसेल असा, मळ्याकडे चालत निघालो. मेथीच्या ओळीपाशी पोचेपर्यंत हसणं थांबलं होतं. मागे वळून पाहिलं तेव्हा घराघरांतून चुलींचा धूर निघायला लागला होता.